सातबाऱ्याला नाव मिळेना

एक्सेलमध्ये नवी शीट उघडावी आणि तिच्या टॅबवर '७/१२' असं नाव लिहायला जावं, तर एक्सेल ते घेत नाही. आकडे मराठी असोत वा इंग्रजी, नकार तोच. नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला पीककर्जापासून वारसनोंदीपर्यंत जो उतारा पदोपदी लागतो, ज्यात गाव नमुना सातचा अधिकार अभिलेख आणि नमुना बाराची पिकांची नोंद एकत्र येते, त्याचं रोजच्या लिखाणातलं नाव शीटला देता येत नाही. तेच नाव टॅबऐवजी एखाद्या सेलमध्ये इंग्रजी आकड्यांत टाइप केलं, तर काहीच अडत नाही. पण एंटर दाबताच सातबाऱ्याची तारीख होते. संगणकाची सेटिंग भारतातली असेल तर सात डिसेंबर, अमेरिकेतली असेल तर बारा जुलै. २०२४ साली टाइप केलं असेल तर आत साठवलेला आकडा पहिल्या ठिकाणी ४५६३३ आणि दुसऱ्या ठिकाणी ४५४८५. गट क्रमांकांच्या रकान्यात हे आणखी विचित्र दिसतं. १२५/२ जसाच्या तसा राहतो, कारण तशी तारीख नसते, आणि त्याच्याच खालचा १२/३ मार्चची किंवा डिसेंबरची तारीख होऊन बसतो. टॅबवरचा नकार त्रासदायक आहे, पण उघड आहे. सेलमधला बदल मुकाट्याने होतो. या दोहोंतलं अंतर लक्षात ठेवलं पाहिजे. नावात न चालणाऱ्या चिन्हांमुळे जेवढं नुकसान होतं, त्याहून किती तरी अधिक नुकसान त्या चिन्हांवर केलेल्या मुक्या इलाजांमुळे होतं, आणि मराठीच्या वाट्याला ते जरा जास्तच येतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी बंदी कशावर आहे ते पाहू. शीटच्या नावात सात चिन्हं चालत नाहीत: अपूर्णविराम म्हणजे कोलन, दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह, तारका आणि चौकटी कंसांची जोडी. शिवाय नाव कोरं चालत नाही, एकेरी अवतरणचिन्हाने सुरू होऊ शकत नाही, संपू शकत नाही, आणि एकतीस अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही. ही यादी पाठ करणाऱ्याला ती लहरी वाटते. उद्गारचिन्ह चालतं, गोल कंस चालतात, रुपयाची खूण चालते, मग बिचाऱ्या स्लॅशने काय घोडं मारलं? पण सूत्राची भाषा वाचली की उलगडा होतो. दुसऱ्या शीटवरचा आकडा मागवताना शीटचं नाव सूत्राच्या वाक्यात येतं, आणि त्या वाक्याला स्वतःची विरामचिन्हं आहेत. कोलन म्हणजे 'इथपासून तिथपर्यंत'. तो दोन सेलांमध्ये येतो तसा दोन शीटांमध्येही येतो, म्हणजे एप्रिल ते मार्च अशा बारा शीटांमधल्या एकाच सेलची बेरीज एका सूत्रात मागता येते. चौकटी कंसात बाहेरच्या फाइलचं नाव लिहायचं असतं. ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल तर वाटेचा पत्ता तिरक्या रेघांनी तोडलेला असतो. तारका आणि प्रश्नचिन्ह ही 'काहीही' आणि 'कोणतंही एक अक्षर' अशी वाइल्डकार्ड चिन्हं आहेत. शीटच्या नावाच्या जागी अवतरणात नुसती तारका लिहून बेरीज मागितली, तर एक्सेल चालू शीट वगळून बाकी सगळ्या शीटांची नावं स्वतःच भरतं. आणि हे सगळं नाव जिथे संपतं तिथे एकेरी अवतरण असतं. म्हणजे बंदी चिन्हांच्या दिसण्यावर नसून त्यांच्या कामावर आहे. जे चिन्ह वाक्यात दुसऱ्या कामाला लावलेलं आहे, ते नावात आलं तर नाव कुठे संपलं हे कळणार नाही.

तिरक्या रेघेचा इतिहास त्यातल्या त्यात मजेशीर आहे. १९८१ साली आलेल्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. आज्ञेपुढे जोडायच्या सूचनांसाठी पुढे झुकलेली रेघ वापरली जाई. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ आधीच कामात अडकलेली होती, म्हणून वाटेसाठी मागे झुकलेली रेघ घेतली गेली. त्या एका तडजोडीमुळे आजही दोन्ही रेघा नावांना वर्ज्य आहेत. आपल्याकडे तर सरकारी पत्राचा जावक क्रमांक स्लॅशशिवाय पुरा होत नाही, कांद्याचा भाव 'रु./क्विंटल' असा लिहिला जातो, जमिनीचा हिस्सा स्लॅशने तुटतो. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत घेतलेल्या निर्णयाची आणि तलाठी दप्तराच्या सवयीची अशी गाठ पडली आहे. जपानमध्ये याच मागच्या रेघेची आणखी गंमत आहे: तिथल्या जुन्या संकेतावलीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, त्या जागेवर येनची खूण बसवलेली होती, म्हणून जपानी पडद्यावर फोल्डरचा पत्ता येनच्या खुणांनी तोडलेला दिसतो. कोरियात तिथे वॉनची खूण दिसते. आत साठवलेला क्रमांक एकच, पण जपानी माणसाला आपल्या चलनावर बंदी आहे असं वाटावं.

ही सात चिन्हं एक्सेलच्या सगळ्या भाषांत सारखी वागतात. फरक पडतो तो त्यांच्या भोवतीच्या व्याकरणात. नवी शीट इंग्रजी आवृत्तीत 'शीट१' म्हणून जन्मते, जर्मन आवृत्तीत 'टाबेले१', फ्रेंचमध्ये 'फॉय१'. ज्या मॅक्रोने पहिल्या शीटला तिच्या नावाने हाक मारली, तो सीमा ओलांडताच बहिरा होतो. नामनिर्देश केलेल्या रेंजला, म्हणजे 'नेम' सोयीने दिलेल्या नावाला, नियम अधिक कडक आहेत: मोकळी जागा नको, कंस नकोत, आणि नाव सेलच्या पत्त्यासारखं दिसायला नको. इंग्रजी आवृत्तीत नुसतं 'आर' किंवा नुसतं 'सी' हे नाव चालत नाही, कारण रो आणि कॉलम यांची ती आद्याक्षरं आहेत. फ्रेंचमध्ये ओळीचं आद्याक्षर 'एल', जर्मनमध्ये ओळ 'झेड' आणि रकाना 'एस'. सूत्रातली फंक्शनं फाइलमध्ये इंग्रजी रूपातच साठवली जातात, म्हणून ती भाषा बदलली तरी आपोआप बदललेली दिसतात. पण अवतरणात मजकूर म्हणून लिहिलेला पत्ता तसा बदलत नाही, आणि इनडायरेक्ट फंक्शनला इंग्रजी 'आर-सी' पद्धतीचा पत्ता मजकूर म्हणून दिला की जर्मन एक्सेल तो ओळखत नाही.

याचं घरचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. नाशिकच्या गाड्यांच्या नंबराची सुरुवात एमएच १५ अशी असते. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत २५६ रकाने होते आणि शेवटचा रकाना 'आयव्ही' होता. त्या काळात 'एमएच१५' हे रेंजचं नाव बिनदिक्कत देता येई. २००७ च्या आवृत्तीत रकाने १६,३८४ झाले, शेवटचा 'एक्सएफडी' झाला, आणि 'एमएच' हा ३४६ वा रकाना अस्तित्वात आला. त्या दिवसापासून 'एमएच१५' म्हणजे नाशिक राहिलं नाही. ३४६ व्या रकान्यातली पंधरावी ओळ झाली. जुनी फाइल नव्या रूपात आणताना एक्सेल अशा नावाआधी एक अधोरेघ जोडतं. शीटच्या टॅबवर मात्र 'एमएच१५' आजही चालतं, फक्त सूत्रात ते अवतरणात लिहावं लागतं. म्हणजे भाषा न बदलता, नुसता तक्ता रुंद झाला तरी चांगलं नाव वाईट ठरू शकतं.

आता मराठीकडे वळू. पहिली गोष्ट अशी की देवनागरीतलं एकही अक्षर शीटच्या नावाला वर्ज्य नाही. 'लासलगाव आवक' किंवा 'येवला' हे टॅब निर्धास्त बनतात. मग आपल्या कार्यालयांत टॅबवर इंग्रजी लिहिण्याची सवय का लागली? बऱ्याच अंशी जुन्या फॉन्टांमुळे. कृतिदेव, शिवाजी, श्री-लिपीचे जुने फॉन्ट हे खरं तर इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे होते. पडद्यावर 'क' दिसे, फाइलमध्ये इंग्रजी अक्षर बसलेलं असे. कृतिदेवात 'ख' चौकटी कंसाच्या कळीने सुरू होतो, 'घ' प्रश्नचिन्हाने, 'ध' स्लॅशने आणि 'श' एकेरी अवतरणाने. आता घोटी, खेडगाव, धोडप ही नावं डोळ्यांपुढे आणा. गावांची यादी सेलमध्ये सुरेख दिसते, आणि प्रत्येक गावाची वेगळी शीट बनवणारा मॅक्रो याच तीन नावांवर कोसळतो. 'शाळा' नावाची शीट तर अवतरणाने सुरू होणार, म्हणून तीही नाही. ज्याला फॉन्टचं गुपित ठाऊक नाही त्याचा समज होणारच की एक्सेलला ख, घ, ध, श खपत नाहीत. चुकीचा समज, पण पुराव्यावर आधारलेला.

युनिकोड आल्यावर मुखवटे गेले, पण एक चिन्ह राहिलं: विसर्ग. कळफलकावर विसर्ग सापडला नाही की बहुतेक जण कोलन मारून मोकळे होतात. 'नि:शुल्क', 'दु:ख', 'स्वत:', 'पुन:' हे शब्द कोलन घालून लिहिलेले सर्रास दिसतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला खुपतही नाहीत. 'नि:शुल्क पुस्तके' असा टॅब लिहायला गेलं की एक्सेल अडवतं. तिथे खरा विसर्ग टाइप केला तर तेच नाव विनातक्रार बसतं. मला ही बंदी आवडते, कारण छापखान्याच्या मुद्रितशोधकाने पकडायला हवी होती ती चूक ती पकडते. ('मोफत' लिहिलं तर प्रश्नच मिटतो, पण शासकीय मराठीला तेवढं साधं रुचत नाही.) मात्र इथेच आपोआप साफसफाई करणारा प्रोग्राम काय करतो ते पाहावं. त्याला कोलन दिसतो, तो कोलन काढून टाकतो, आणि 'निशुल्क' असं शुद्धलेखनाच्या कुठल्याच नियमात न बसणारं नाव कायमचं चिकटतं. इलाज विसर्गाचा करायचा होता, केला कोलनचा.

मुक्या इलाजांतला सर्वांत जुना म्हणजे प्रश्नचिन्ह. युनिकोडपूर्वी विंडोजमध्ये अनेक लिप्यांसाठी एकेक जुनी संकेतावली असे: रशियनसाठी एक, ग्रीकसाठी एक, थाईसाठी एक. देवनागरीसाठी विंडोजने तशी संकेतावली कधी दिलीच नाही. विंडोज २००० मध्ये हिंदी-मराठी आल्या त्या थेट युनिकोडच्या दारातून. भारतीय मानक ब्युरोची इस्की संकेतावली १९९१ पासून होती, युनिकोडचा देवनागरी तक्ताही तिच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतला होता, पण विंडोजच्या जुन्या दारावर तिला उभं केलं गेलं नाही. परिणाम असा की जो प्रोग्राम अजून जुन्या दाराने मजकूर नेतो, त्याच्याकडे रशियन अक्षरासाठी निदान रशियन संगणकावर तरी जागा असते. मराठी अक्षरासाठी तशी संकेतावलीच नाही. अशा वेळी तो प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिण्याची खिडकी अजूनही या जुन्या दाराचीच आहे. तिथे 'नाशिक' लिहिलं की पाच प्रश्नचिन्हं उमटतात, आणि ती पाच प्रश्नचिन्हं शीटला नाव म्हणून दिली की एक्सेल म्हणतं, नावात न चालणारं चिन्ह आहे. म्हणजे चालणारं नाव आधी न चालणारं केलं जातं, आणि मग दोष नावाच्या माथी येतो. साध्या प्रकारची सीएसव्ही फाइल साठवतानाही हेच होतं. एक्सेल २०१६ मध्ये युनिकोड सीएसव्हीचा वेगळा पर्याय आला, पण तो यादीत शोधून निवडावा लागतो. मॅक्रोपुरता उपाय सोपा आहे: नाव मॅक्रोच्या ओळीत लिहू नये, एखाद्या सेलमध्ये लिहून तिथून वाचावं. सेलला मराठी येते.

दुसरा मुका इलाज नव्या पिढीतल्या प्रोग्रामरांचा आहे आणि तो अधिक घातक आहे. बाहेरच्या यादीवरून शीटांची किंवा फाइलींची नावं बनवताना 'अक्षर, आकडा आणि अधोरेघ सोडून बाकी सगळं बदला' असा एक ओळीचा नियम लिहिण्याची रीत आहे. प्रश्न एवढाच, की 'अक्षर' म्हणजे काय? जावास्क्रिप्टच्या त्या प्रचलित खुणेत फक्त इंग्रजी अक्षरं बसतात. बाकी प्रत्येक अक्षराच्या जागी अधोरेघ टाकायची असं ठरवून नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके त्यातून काढले, तर नाशिक, निफाड, येवला आणि देवळा या चौघांची नावं पाच-पाच अधोरेघांची, अगदी एकसारखी होतात. सिन्नर, चांदवड, बागलाण सहा-सहा रेघांचे. दिंडोरी, सुरगाणा, मालेगाव, नांदगाव, इगतपुरी सात-सात रेघांचे. पेठ, कळवण आणि त्र्यंबकेश्वर तेवढे आपापल्या लांबीमुळे वेगळे राहतात. पंधरा तालुक्यांतून सहाच नावं उरतात. पायथनच्या त्याच खुणेत देवनागरी व्यंजनं आणि स्वर बसतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण यांना ती अक्षर मानत नाही. न चालणारं ते गाळा म्हटलं की नाशिकचं 'नशक' होतं, निफाडचं 'नफड', मालेगावचं 'मलगव', सिन्नरचं 'सननर'. हे पहिल्यापेक्षा वाईट, कारण दिसायला मराठीच दिसतं आणि टक्कर कधी होईल ते सांगता येत नाही. 'वडाळा' आणि 'वडाळी' दोन्ही 'वडळ' होतात. माल, मूल, मोल आणि मेल यांचा एकच 'मल'. ज्या भाषेत काना-मात्रेने अर्थ बदलतो तिथे काना-मात्रेला कचरा समजणारी झाडू चालवली, तर दुसरं काय होणार? मूळ बंदी सात चिन्हांची होती; या इलाजाने ती अर्ध्या लिपीवर गेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग सरळ इंग्रजीत नावं द्या, कटकट नको. सोय म्हणून हे पटण्यासारखं आहे, आणि दोन-चार शीटांच्या फाइलला ते पुरतंही. पण गावांची नावं रोमन लिपीत गेली की त्यांची एकच एक जोडणी राहत नाही. नाशिक शहराच्याच नावाची जोडणी 'एच'सह आणि 'एच'विना अशी दोन्ही रुळलेली आहे. येवला, देवळा यांच्या इंग्रजी जोडणीत 'व'च्या जागी कधी 'ओ' येतो कधी 'व्ही'. त्र्यंबक, त्र्यंबकेश्वर, आणि त्यांत 'वाय' घालायचा की नाही, याला तर अंत नाही. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' एकच होतात ते वेगळंच. दोन कार्यालयांच्या याद्या जुळवताना न जुळणाऱ्या ओळींपैकी मोठा वाटा याच जोडण्यांचा असतो. चिन्हांची अडचण टाळण्यासाठी घेतलेली वाट नावांची अडचण वाढवते, आणि ती अडचण एक्सेल दाखवून देत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: युनिकोडने हे सगळं मिटवलं आहे, आता जुन्या जखमा उकरण्यात काय हशील? बरंचसं मिटवलं, हे खरं. पण मराठीच्या दोन खास जागी युनिकोडनेच दोन वाटा ठेवल्या. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो: एकात नुक्ता असलेला 'ऱ' स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यात साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक घातला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी, आणि अनेक कळफलकांवर त्यानंतरही, ते 'अ' वर चंद्र देऊन लिहिलं गेलं. 'ॲडव्हान्स' नावाची शीट एकाने एका तऱ्हेने बनवली आणि दुसऱ्याने सूत्रात दुसऱ्या तऱ्हेने लिहिली, तर दोन्ही बरोबर असूनही शीट सापडत नाही. आणि या जोड्या युनिकोडच्या प्रमाणित एकरूपीकरणाने आपोआप एक होत नाहीत, कारण त्या नियमांच्या लेखी त्या समान नाहीतच. त्यांचं मराठी कोष्टक आपल्यालाच करावं लागतं. ते दोन ओळींचं आहे, पण मराठी जाणणाऱ्यानेच लिहायला हवं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नाव अवतरणात घालता येतं, तर मग एक्सेलने कुठलंही चिन्ह का चालवून घेऊ नये? गूगल शीट्स याबाबत बरंच सैल आहे. तिथे तारखा आणि स्लॅश असलेले टॅब पुष्कळ दिसतात. तत्त्वतः हे करता येईलच. पण एक्सेलच्या खात्यावर जुन्या फाइलींमधली अगणित सूत्रं आहेत, आणि लिब्रेऑफिसच्या कॅल्कनेही आदानप्रदानासाठी तीच सात चिन्हं वर्ज्य ठेवली आहेत. चिन्हांची बंदी म्हणून मी समजून घेऊ शकतो. एकतीस अक्षरांची मर्यादा मात्र मला पटत नाही, निदान मोजण्याची पद्धत तरी. एक्सेल काना, मात्रा, अनुस्वार, पायमोड सगळं सुटं मोजतं. 'त्र्यंबकेश्वर' वाचताना पाच अक्षरं, एक्सेलच्या हिशेबात तेरा. 'नाशिक कृषी उत्पन्न बाजार समिती' तीसवर कसंबसं बसतं. 'पिंपळगाव बसवंत कृषी उत्पन्न बाजार समिती' असं नाव एकतिसाव्या जागी तोडलं, की उरतं 'पिंपळगाव बसवंत कृषी उत्पन्न बाज'. याहून वाईट तोड म्हणजे पायमोडीनंतरची: जोडाक्षराचं अर्ध अंग नावात राहतं आणि उरलेलं गळतं. कॅल्कला ही एकतिसाची अट नाही, म्हणून तिथे लिहिलेली लांब मराठी नावं एक्सेलकडे जाताना अडतात.

म्हणून टॅबचं नाव हा मजकूर लिहिण्याचा खण समजूच नये, असं मला वाटतं. टॅबला छोटं, न बदलणारं नाव द्यावं आणि पूर्ण मराठी नाव, विसर्ग, स्लॅश, कंसातलं बुद्रुक-खुर्द यांच्यासह, शीटच्या पहिल्या सेलमध्ये आणि सुरुवातीच्या एका अनुक्रमणिकेत ठेवावं, दुव्यासकट. सेलमधल्या सातबाऱ्यासाठी आधी रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करावा. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये आपोआप बदल बंद करण्याची जी सोय आली तिच्यातली तारखेची कळ सलग लिहिलेल्या अक्षर-आकड्यांसाठी आहे, स्लॅशच्या तारखेसाठी नाही. अशा आपोआप बदलांबद्दल जीवशास्त्रज्ञांची तक्रार जुनी होती. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी जनुकांची नावं एक्सेलमध्ये तारखा होत, आणि शेवटी २०२० साली मानवी जनुकांच्या नामकरण समितीने ती नावंच बदलली. जनुकाला ते चालतं. सातबाऱ्याचं नाव बदलायला महाराष्ट्र तयार होणार नाही, आणि होऊही नये.

छोटं नाव कुठून आणायचं, हा प्रश्न गावांपुरता सुटलेला आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७, नाशिक जिल्ह्याचा ५१६, आणि पुढे तालुक्याचा व गावाचा क्रमांक आहे. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही प्रत्येक गावाला स्वतःचा क्रमांक आहे. त्यावर म्हणतील की आकडे माणसाला वाचता येत नाहीत. खरं आहे, म्हणून तर अनुक्रमणिका. आणि नावं तरी कुठे वाचता येतात? पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब हे टॅब शेजारी शेजारी आले की घाईत डोळ्यांना तिन्ही 'पिंपळगाव' एवढेच दिसतात.

जिथे क्रमांक नाही आणि नावातूनच टॅब बनवायचा आहे, तिथे साफसफाईचा क्रम महत्त्वाचा. आधी मराठी दुरुस्त्या: अक्षरामागे चिकटलेला कोलन विसर्ग करायचा, चंद्राचा 'अ' आणि आडवा र एका रूपात आणायचे. मग फक्त ती सात चिन्हं, त्यांच्या जागी एकच ठरलेली खूण. गाळायची नाहीत, आणि स्लॅशसारखी दिसणारी गणिती रेघही घालायची नाही, कारण शोधताना कुणी ती टाइप करणार नाही. मग एकतिसात बसवताना तोड पूर्ण अक्षरावर. जुनं नाव आणि नवं नाव यांची जोडी एका शीटवर नोंदवून ठेवायची. आणि शेवटी दोन वेगळी नावं साफ होऊन एकच निघाली, तर प्रोग्रामने दुसऱ्यापुढे गुपचूप एकचा आकडा जोडू नये. तिथे त्याने थांबावं आणि यादी ज्याची आहे त्याला विचारावं की ही दोन गावं आहेत, की एकच गाव दोनदा लिहिलं गेलं आहे.